कॅप, ब्रिज, चांदीचं फिलिंग: दातात कुठला धातू बसतोय ते कसं तपासायचं, पायरी पायरीने

रूट कॅनाल झालं की डॉक्टर म्हणतात आता कॅप बसवून घ्या, मग रिसेप्शनवर रेट कार्ड पुढे येतं, मेटल, मेटल-सिरॅमिक, डीएमएलएस, झिरकोनिया (धातू नसलेलं सिरॅमिक), आणि बहुतेक जण किंमत आणि वॉरंटी किती वर्षांची एवढंच बघून एकावर बोट ठेवतात. आत धातू कुठला आहे हे विचारणारा पेशंट फार क्वचित भेटतो. मी डेंटल लॅबमध्ये कॅप-ब्रिज बनवतो, म्हणजे तुमच्या दाताचं माप क्लिनिकमधून ज्या टेबलावर येतं तिथे बसणारा माणूस, आणि माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्न दात ट्रिम करायच्या, म्हणजे कॅपसाठी घासून लहान करायच्या, आधीच विचारला पाहिजे. नंतर विचारून फारसा उपयोग नाही, एकदा सिमेंटने चिकटवलेली कॅप बऱ्याचदा कापूनच काढावी लागते.

घाबरायचं कारण नाही हे आधीच सांगतो. बहुतेकांच्या तोंडात हे धातू वर्षानुवर्षं काही त्रास न देता राहतात. त्रास होतो तो ठराविक लोकांना, ठराविक धातूंचा, आणि आपण त्या ठराविक लोकांमध्ये बसतो का हे बऱ्यापैकी आधी कळू शकतं.

आधी कशात काय असतं ते बघू

मेटल-सिरॅमिक कॅप म्हणजे आत साधारण ०.३ ते ०.५ मिलिमीटर जाडीचं धातूचं टोपण, त्याला आम्ही कोपिंग म्हणतो, आणि त्याच्यावर दाताच्या रंगाचं सिरॅमिक थर देऊन भट्टीत भाजलेलं. आपल्याकडे स्वस्तातल्या कॅपमध्ये हे टोपण बहुतेक वेळा निकेल-क्रोमियमचं असतं. त्यात निकेल साधारण ६० ते ८० टक्के, मग क्रोमियम, थोडं मॉलिब्डेनम वगैरे. कास्टिंगला, म्हणजे वितळवून साच्यात ओतायला सोपं, कडक, सिरॅमिक चांगलं धरतं, आणि स्वस्त, म्हणून एवढं चालतं.

डीएमएलएस लिहिलेलं असतं ती कॅप ओतीव नसते, धातूची बारीक पावडर लेझरने थरावर थर वितळवून बनवतात. ती पावडर सहसा कोबाल्ट-क्रोमियमची असते आणि निकेल त्यात मुद्दाम घातलेलं नसतं. काढता-घालता येणारी पातळ धातूची कवळी, कास्ट पार्शल म्हणतात ती, तीही बहुधा कोबाल्ट-क्रोमियमचीच.

महागड्या धातूंचं वर्गीकरण अमेरिकन डेंटल असोसिएशनने केलेलं सगळीकडे वापरतात. सोनं, प्लॅटिनम, पॅलेडियम असे उंची धातू मिळून ६० टक्के किंवा जास्त आणि त्यात सोनं किमान ४० टक्के असेल तर हाय नोबल, उंची धातू किमान २५ टक्के असतील तर नोबल, त्याखाली सगळं बेस मेटल. कोणी नुसतं सेमी-प्रेशियस म्हणून जास्त पैसे सांगत असेल तर सरळ टक्केवारी मागा, कारण त्या नावावरून आत किती काय आहे ते काहीच कळत नाही.

लहान मुलांच्या दुधाच्या दाढांवर बसवतात त्या चकचकीत कॅप स्टेनलेस स्टीलच्या, त्यातही थोडं निकेल असतंच, आणि ब्रेसेसच्या लवचिक निकेल-टायटॅनियम तारांमध्ये तर जवळजवळ निम्मं निकेल. चांदीच्या फिलिंगबद्दल पुढे वेगळं लिहितो, तो विषय मोठा आहे.

आता धातू तोंडात विरघळतो का? थोडा थोडा हो. लाळ ओलसर, खारट, मधूनच आंबट, त्यामुळे अगदी सूक्ष्म प्रमाणात कण बाहेर पडत राहतात. घरातलं स्टीलचं भांडं गंजत नाही ते क्रोमियममुळे, त्याचा ऑक्साइडचा पातळ थर पृष्ठभागावर तयार होतो आणि आतला धातू झाकतो. कॅपमध्येही तेच. म्हणून निकेल-क्रोमियम घ्यायचंच असेल तर क्रोमियम २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याच्या वर असलेलं बरं, कमी क्रोमियमवाल्या अलॉयमध्ये, म्हणजे मिश्रधातूमध्ये, तो थर कच्चा राहतो आणि निकेल जास्त सुटतं.

आणि बेरिलियम. काही निकेल-क्रोमियम अलॉयमध्ये वजनाने २ टक्क्यांपर्यंत बेरिलियम घालायची पद्धत होती, त्याने धातू पातळ वितळतो, कास्टिंग छान येतं. पण बेरिलियम हा कॅन्सर करणारा म्हणून पक्का वर्गीकृत धातू आहे, आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली तर बेरिलिओसिस नावाचा कायमचा आजार होऊ शकतो. डेंटल अलॉयसाठीचं आयएसओ २२६७४ हे मानक बेरिलियम ०.०२ टक्क्यांच्या वर चालवूनच घेत नाही, कॅडमियमचंही तसंच, आणि निकेल ०.१ टक्क्याच्या वर असेल तर ते लिहून द्यावं लागतं. बेरिलियमचा मोठा धोका पेशंटपेक्षा ते घासणाऱ्या टेक्निशियनला असतो.

पायरी १: स्वतःच्या अंगाला विचारा

महागड्या टेस्टच्या आधी हे करा, फुकट आहे. बेन्टेक्सचे कानातले घातले की कान पिकतात का? घड्याळाच्या धातूच्या पट्ट्याखाली खाज येते का? जीन्सच्या बटणाच्या जागी बेंबीखाली लाल चट्टा उठतो का? चष्म्याच्या काडीने कानामागे पुरळ? यातलं काही होत असेल तर निकेलचा संशय घ्यायला पुरेसं आहे. निकेलची ॲलर्जी बायकांमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त दिसते, आणि त्याचं मोठं कारण लहानपणी टोचलेले कान आणि त्यात घातलेले स्वस्त दागिने हेच मानतात. आपल्याकडे तर बारशाच्या आसपासच कान टोचतात, तेव्हा सोन्याचीच तार घातली असेल तर प्रश्न नसतो, पुढे शाळा-कॉलेजात खोटे कानातले सुरू होतात तिथून हे सुरू होतं.

क्रोमियमचं वेगळं आहे. ओल्या सिमेंटमध्ये हात घालणारे गवंडी, किंवा चामड्याच्या बुटाने पायाला पुरळ येणारी माणसं, यांना क्रोमेटची ॲलर्जी असू शकते. घरात कोणाला असा जुना, बरा न होणारा हातापायाचा एक्झिमा असेल तर कॅपच्या आधी डॉक्टरांना सांगून ठेवा.

दागिन्यातून निकेल सुटतं का हे बघायला डायमिथाइलग्लायॉक्सिमचं छोटं किट मिळतं, कापसाच्या काडीवर थेंब घेऊन धातूवर अर्धा मिनिट घासायचं, काडी गुलाबी झाली तर निकेल सुटतंय. हे दागिन्यावर करायचं, तोंडात अजिबात नाही.

पायरी २: गरज असेल तर पॅच टेस्ट, दुसरी कुठली नाही

इथे लोकांचे खूप पैसे वाया जातात म्हणून नीट वाचा. धातूची ॲलर्जी ही उशिरा येणारी ॲलर्जी आहे, संपर्कानंतर एक-दोन दिवसांनी वर येते. रक्त घेऊन शंभर-दोनशे गोष्टींचं ॲलर्जी पॅनेल करतात ना, ते दुसऱ्या प्रकारच्या, लगेच येणाऱ्या ॲलर्जीचं असतं, त्यात निकेलची ही ॲलर्जी पकडली जात नाही. यासाठी त्वचारोग तज्ज्ञांकडे पॅच टेस्टच करायची. पाठीवर छोट्या चकत्यांमध्ये निकेल सल्फेट, कोबाल्ट क्लोराइड, पोटॅशियम डायक्रोमेट असे पदार्थ लावून चिकटवतात, ४८ तासांनी काढतात आणि तेव्हा आणि परत चौथ्या दिवसाच्या आसपास बघतात. तो दुसरा निकाल चुकवू नका, काहींची रिॲक्शन तेव्हाच दिसते. चकत्या असेपर्यंत पाठ भिजवायची नाही, घामाने त्या सुटतात म्हणून मुंबई-कोकणात मे महिन्यात टेस्ट न ठेवलेली बरी. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, त्याने निकाल दबतो.

टेस्ट करतानाच सांगा की दाताच्या कामासाठी करतोय, मग पॅलेडियम आणि सोन्याच्या चकत्याही लावता येतात का ते बघतील. निकेलची ॲलर्जी असलेल्यांमध्ये पॅलेडियमलाही रिॲक्शन येणारे बरेच असतात, त्यामुळे निकेल नको म्हणून पॅलेडियमवाली महाग कॅप घेतली की सुटलो असं धरून चालू नका.

पॅच टेस्ट सगळ्यांनी करायची गरज नाही हेही सांगतो. ज्याला कधीच धातूचा त्रास नाही त्याने उगाच करू नये. आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे तोंडात त्रास होणारच असंही नाही, तोंडाच्या आतली त्वचा लाळेने सतत धुतली जाते आणि ती बाहेरच्या त्वचेपेक्षा कमी भडकते. म्हणून निकेल पॉझिटिव्ह आलेल्याने आधीपासून शांत बसलेली जुनी कॅप उपटून काढायची नाही, पण नवीन बसवताना निकेल टाळायचं. मी तरी माझ्या घरच्यांना हेच सांगतो.

पायरी ३: डॉक्टरांशी बोलणं, दात ट्रिम व्हायच्या आधी

आधी का, तर दात किती घासायचा हे कुठली कॅप बसणार त्यावर ठरतं. पूर्ण धातूच्या कॅपला कमी दात जातो, मेटल-सिरॅमिकला धातू आणि सिरॅमिक दोन्ही मावायला जास्त जागा लागते, झिरकोनियाला या दोन्हीच्या मधलं. एकदा ट्रिम केल्यावर बेत बदलला तर तडजोड होते.

बोलताना संकोच नको, काही चांगले डॉक्टर तर खूश होतात. साधं असं विचारा: "डॉक्टर, मला खोट्या दागिन्यांनी पुरळ येतं, तर माझ्या कॅपमध्ये निकेल नको. आत कुठला अलॉय असेल, लॅबकडून नाव कळेल का?" एवढ्याने काम होतं. त्याच्या पुढे जायचं असेल तर हे विचारता येईल:

- अलॉय निकेल-फ्री आहे का, आणि बेरिलियम-फ्री आहे का? दोन्ही वेगवेगळं विचारायचं. बेरिलियम-फ्री असं ठळक छापलेल्या डब्यात भरपूर निकेल असू शकतं, आणि नुसतं "फ्री" ऐकून पेशंट निर्धास्त होतात.
- लॅब नवीन धातू वापरते का जुनं बटन मिसळते?

बटन म्हणजे कास्टिंगनंतर उरलेला गोळा. तो परत वितळवून वापरणं हे खर्च वाचवायला बऱ्याच ठिकाणी चालतं. थोडा जुना आणि किमान निम्मा नवीन धातू असं काही कंपन्या स्वतःच चालवून घेतात, पण तोच तोच गोळा पुन्हा पुन्हा वितळवला की अलॉयची रचना बिघडते आणि तोंडात धातू जास्त सुटायला लागतो. बाहेरून बघून पेशंटला काय, डॉक्टरांनाही हे ओळखता येत नाही, कारण वरती सुंदर सिरॅमिक असतं. म्हणून डॉक्टरांनी लॅबला विचारणं आणि पेशंटने डॉक्टरांना विचारणं हाच त्यावर उपाय.

पायरी ४: लेखी घ्या

झिरकोनियाचं वॉरंटी कार्ड सगळे जपून ठेवतात, मेटलच्या कॅपचं मात्र बिलावर नुसतं "क्राऊन १ नग" असतं. तसं नको. बिलाच्या मागे का होईना अलॉयचं व्यावसायिक नाव, कंपनी, बॅच नंबर आणि लॅबचं नाव एवढं लिहून घ्या. अलॉयच्या डब्यावर हे सगळं छापलेलं असतं, आम्हाला ते कळवायला दोन मिनिटं लागतात, डॉक्टरांनी लॅब स्लिपवर "अलॉयचे डिटेल्स पाठवा" लिहिलं की झालं. त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, दहा वर्षांनी दुसऱ्या गावात दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर तोच कामाला येतो.

पायरी ५: मग निवडायचं काय

ॲलर्जीची काही हिस्टरी नाही आणि बजेट कमी आहे, तर चांगल्या कंपनीचा, बेरिलियम नसलेला, पुरेसं क्रोमियम असलेला निकेल-क्रोमियम अलॉय चालतो, त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. थोडे पैसे जास्त घालता येत असतील तर मी कोबाल्ट-क्रोमियमकडे जा म्हणेन, डीएमएलएसची फिटिंगही सहसा छान येते. निकेलचा त्रास असेल पण कोबाल्ट-क्रोमियमचा नाही हे टेस्टमध्ये कळलं असेल तरीही हाच पर्याय, फक्त लक्षात ठेवा की निकेल आणि कोबाल्टची ॲलर्जी पुष्कळदा जोडीने येते, म्हणून अंदाजाने नको. युरोपात कोबाल्टला २०२१ पासून कॅन्सर करू शकणाऱ्या पदार्थांच्या कडक वर्गात टाकलंय, त्यामुळे तिकडे राहणाऱ्यांना त्याबद्दल वेगळी सूचना वाचायला मिळेल, पण ते वाचून तोंडातली चांगली कॅप काढायला धावायची गरज नाही.

सगळ्याच बेस मेटलचा त्रास असेल तर धातू नसलेली झिरकोनिया किंवा लिथियम डायसिलिकेट, दोन्ही सिरॅमिकचेच प्रकार. पुढच्या दातांना तर हिरडीजवळ काळी रेघ दिसत नाही हा आणखी फायदा. जबडा आवळून दात खाणाऱ्यांनी, चावण्याची ताकद जास्त असणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवा. इम्प्लांटमधला टायटॅनियम बहुतेकांना सोसतो, त्याची खरी ॲलर्जी फार दुर्मिळ.

पायरी ६: बसवल्यावर लक्ष कशावर ठेवायचं

पहिले काही दिवस हिरडी दुखणं, थंड लागणं, तोंडात धातूची चव येणं चालतं. चावताना एकाच जागी आधी टेकतं वाटलं तर लगेच जाऊन घासून घ्या, तो धातूचा दोष नाही. नवीन धातू समोरच्या वेगळ्या धातूला टेकला, समजा सोन्याची कॅप आणि चांदीचं फिलिंग, की लाळेमुळे दोघांत बारीक करंट तयार होतो आणि झिणझिणी येते. चॉकलेटची चांदी चुकून चावली की फिलिंगमध्ये कळ जाते ती याच कारणाने. हे सहसा काही दिवसांत कमी होतं, नाही झालं तर दाखवा.

संशय कधी घ्यायचा? कॅपभोवतीच हिरडी लाल-सुजलेली, स्वच्छता नीट ठेवूनही आठवडे गेले तरी बसत नाही. गालाची आतली बाजू जिथे धातूला टेकते तिथेच पांढऱ्या जाळीसारखे चट्टे. ओठांभोवती पुरळ, किंवा हाताच्या बोटांवर पाणीदार पुटकुळ्या कॅपनंतर सुरू झालेल्या. हे काही दिवसांत येऊ शकतं, चट्टे तर कधीकधी वर्षांनी येतात.

पण धातूवर आळ घ्यायच्या आधी बाकीची कारणं तपासा, आणि इथे मी जरा कळकळीने सांगतो. आपल्याकडे मिश्री, तंबाखू, गुटखा, सुपारी चालू असणाऱ्याच्या तोंडाची आग होते, तिखट सहन होत नाही, तोंड पूर्ण उघडत नाही, आणि तो म्हणतो कॅपमुळे झालं. ती सबम्युकस फायब्रोसिसची लक्षणं असू शकतात, पुढे कॅन्सरकडे जाणारा आजार आहे तो, कॅप काढून काहीही होणार नाही, आधी सुपारी-गुटखा बंद आणि ओरल सर्जनना दाखवणं. तसंच बी१२ किंवा लोह कमी असणं, वाढलेली शुगर, कवळीखाली बुरशी, कॅपची उचललेली कडा आणि तिच्यात अडकणारं अन्न, हे सगळं धातूच्या ॲलर्जीपेक्षा खूप जास्त वेळा सापडतं. आणि कडा टोचून झालेली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर ती कोणत्याही परिस्थितीत दाखवायचीच.

जुनी चांदी काढावी का

चांदीचं फिलिंग म्हणजे अमाल्गम, चांदी-कथील-तांब्याची पूड आणि वजनाने जवळजवळ निम्मा पारा. घट्ट झाल्यावर पारा त्यात बांधला जातो, चावताना अगदी थोडी वाफ सुटते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेने, सप्टेंबर २०२० मध्ये सांगितलं की गरोदर किंवा गरोदर राहू इच्छिणाऱ्या, अंगावर पाजणाऱ्या बायका, लहान मुलं, विशेषतः ६ वर्षांखालची, मेंदू-नसांचे आजार किंवा किडनीचा त्रास असलेले, आणि पाऱ्याची ॲलर्जी असलेले, यांना शक्यतो नवीन अमाल्गम भरू नये. पण त्याच सूचनेत हेही आहे की चांगल्या स्थितीतलं जुनं फिलिंग कारण नसताना काढू नये, कारण काढतानाच सगळ्यात जास्त वाफ सुटते आणि शाबूत दातही जातो.

युरोपियन युनियनने जुलै २०१८ पासून १५ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर, पाजणाऱ्या बायकांना ते बंद केलं आणि जानेवारी २०२५ पासून जवळजवळ सगळ्यांनाच. पाऱ्यासाठीचा मिनामाता करार भारताने २०१८ मध्ये मान्य केलाय आणि त्या कराराच्या देशांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये अमाल्गमचा वापर २०३४ पर्यंत संपवायचं ठरवलंय. म्हणजे ही गोष्ट हळूहळू जाणारच आहे, आपण घाई करायची नाही.

किड लागली किंवा फिलिंग तुटलं म्हणून काढावंच लागलं तर डॉक्टरांना रबर डॅम, म्हणजे दाताभोवतीचा रबरी पडदा, लावायला सांगा, मोठा सक्शन, भरपूर पाणी, आणि सगळं भुगा करण्यापेक्षा तुकडे करून काढणं. गरोदरपणात तातडीचं नसेल तर पुढे ढकला. शरीरातला पारा काढतो म्हणून सलाइन, पावडरी विकणाऱ्यांच्या नादी लागू नका.

एमआरआय असेल तर

चिकटवलेल्या कॅप-ब्रिजमुळे सहसा एमआरआय अडत नाही, पण डोक्याचा किंवा जबड्याचा फोटो त्या जागी खराब येऊ शकतो, म्हणून फॉर्मवर लिहा. धातूची काढती कवळी आणि मॅग्नेटने बसणारी कवळी काढून बाहेर ठेवायची, आणि जबड्यात मॅग्नेटचा भाग बसवलेला असेल तर तेही आधीच सांगायचं.

त्रास झालाच तर, आणि लॅबमधल्या माझ्या लोकांसाठी

खरोखर रिॲक्शन आली तर ते अलॉयचं नाव आणि बॅच नंबर घेऊन त्वचारोग तज्ज्ञ आणि डेंटिस्ट दोघांना दाखवा. मेडिकल उपकरणांनी झालेला त्रास कळवायला भारतात २०१५ पासून मटेरियोव्हिजिलन्स कार्यक्रम आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे तो चालतो, आणि त्यात डॉक्टरांसारखीच पेशंटलाही नोंद करता येते. अशा नोंदी झाल्या तरच कुठला अलॉय वारंवार त्रास देतो ते वर कळेल.

टेक्निशियन मित्रांनो, पेशंटच्या तोंडात अर्धा मिलिमीटर धातू जातो, आपण दिवसभर तो घासतो. अमेरिकेत २०१७ च्या नियमाने हवेतल्या बेरिलियमची मर्यादा घनमीटरला ०.२ मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली, त्यावरून ते किती वाईट आहे ते समजा. डब्यावर घटकांची यादी नसलेला स्वस्त अलॉय मालकाने आणला तर यादी मागा. ट्रिमिंगच्या जागी सक्शन चालू असल्याशिवाय हँडपीस हातात घेऊ नका, मास्क हा सक्शनच्या नंतरचा उपाय आहे, त्याच्याऐवजी नाही. इन्व्हेस्टमेंट, म्हणजे कास्टिंगच्या साच्याचं मटेरियल, फोडताना आणि सँडब्लास्टिंगला उडते ती धूळही घातक, इन्व्हेस्टमेंटमध्ये सिलिका असते, म्हणून साचा फोडण्याआधी ओला करा. टेबल झाडूने किंवा हवेच्या प्रेशरने साफ न करता ओल्या फडक्याने पुसा, ॲप्रन लॅबमध्येच काढून ठेवा, घरी लहान पोरं असतात. खोकला आणि दम महिनोन् महिने राहिला तर छातीच्या डॉक्टरांना सांगताना आपण कुठल्या धुळीत काम करतो ते पहिल्या वाक्यात सांगा, नाहीतर ते टीबी किंवा दमा शोधत बसतील.